कोंबड्या आत्याबाईंच्या, बदकं माझी

वडीगोद्रीच्या अलीकडे, कालव्याच्या पुलाजवळ, एक माणूस सायकलच्या कॅरिअरला जाळीची पाटी बांधून बदकाची पिलं विकत उभा होता. मी आमच्या बियाणं कंपनीच्या जीपमधून शेतावरचे प्लॉट बघून जालन्याला परत येत होते. थोडं पुढे गेल्यावर ड्रायव्हरला म्हणाले, गाडी मागे घ्या. त्याला वाटलं, काही सामान राहिलं.

पाच पिलं घेतली. पिवळट, मातकट, चोचींना चिखल लागलेली. मागच्या सीटवर बियाण्याच्या नमुन्यांचा एक रिकामा खोका होता, त्याला पेनानं भोकं पाडली आणि पिलं आत सोडली. अंबडपर्यंत ती ओरडत होती, मग गप्प झाली. ड्रायव्हरनं विचारलं, पाळायला का खायला? मी म्हणाले, बघू.

का घेतली, हे नंतर बऱ्याच जणांनी विचारलं आणि मी दर वेळी वेगळं काहीतरी सांगितलं. खरं कारण मलाच ठाऊक नाही. एवढंच सांगता येईल, की त्याच्या दोनेक महिने आधी माझ्या नवऱ्यानं पुण्याहून फोन केला होता. तो म्हणाला, मी इथं एका बाईबरोबर राहतो, बऱ्याच दिवसांपासून राहतो, आणि आता तिकडे परत येणं होणार नाही. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. आमच्या प्रयोगशाळेत ओल्या कागदात बिया गुंडाळून ठेवतात आणि किती उगवल्या ते बघतात. त्या दिवशीही मी तेच केलं, आणि नंतरचे दोन महिनेही.

लग्न झाल्यापासून मी त्याला ‘अहो’ म्हणत आले. दुसऱ्यांशी बोलताना ‘हे’, ‘यांनी’. त्या फोननंतर मनातल्या मनात त्याचा ‘तो’ कधी झाला ते कळलं नाही. आता लिहितानाही ‘तो’च येतंय, तर तसंच राहू देते. आम्हाला मूल नव्हतं. त्यासाठी जे काही करायचं असतं ते सगळं करून झालं होतं आणि तो विषय आमच्या घरात जुना झाला होता.

घरी माझ्या सासूबाई होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. त्या तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावी राहायच्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली, जमीन बटईनं, वाट्यानं कसायला दिलेली, घरात त्या आणि त्यांच्या कोंबड्या. आदल्या हिवाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या आमच्याकडे नवीन जालन्याला आल्या. डोळ्याची पट्टी निघाली की जायच्या होत्या. पट्टी निघाली, चष्मा आला, तरी त्या गेल्या नाहीत. उलट गावाकडच्या कुणाला तरी सांगून त्यांनी कोंबड्याच मागवून घेतल्या. काळीपिवळी जीपच्या टपावर डालगं बांधून सात-आठ गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आमच्या दारात उतरले. मला आश्चर्य वाटलं, पण बरंही वाटलं. तेव्हा नवरा महिन्यातून एखाद्या शनिवारी येत होता आणि बाकीचे दिवस घर रिकामं वाटायचं.

पुण्याच्या फोनचं मी त्यांना त्याच संध्याकाळी एका वाक्यात सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला नाही. “बरं,” म्हणाल्या, आणि भाकरी तव्यावर टाकली. मला वाटलं, स्वभाव आहे एकेकाचा.

तर मी खोका घेऊन मागच्या दारानं आत आले तेव्हा आत्याबाई धुण्याच्या दगडावर बसून कोंबड्यांना मक्याचा भरडा टाकत होत्या. खोका उघडून बघितल्यावर त्यांनी आधी पिलांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

“आपल्याला प्यायला पाणी न्हाई,” त्या म्हणाल्या, “अन् हे पोहणार कशात?”

मुद्दा बरोबर होता. जालन्यात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. हौद, गच्चीवरची टाकी, ड्रम, हंडे, होतील तेवढी भांडी भरून घ्यायची आणि मग पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. अशा गावात बदकं पाळणं म्हणजे लोकांना बोलायला विषय देणं. पण परत नेऊन द्यायचं तर कुठे द्यायचं, तो सायकलवाला काही तिथे बसून राहिला नसता.

तोड आत्याबाईंनीच काढली. तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी त्या एका बादलीत साठवायला लागल्या. स्लॅबच्या वेळचं एक लोखंडी घमेलं पडून होतं, ते जमिनीत थोडं रुतवलं आणि त्यात ते पाणी ओतलं. पिलं त्यात एकावर एक बसायची. मोठी झाल्यावर एका वेळी एकच मावायचं, बाकीची काठाशी उभी राहून माना बुडवायची. दिवस मावळताना ते घाण पाणी शेवग्याच्या बुडाशी जायचं. त्या वर्षी शेवग्याला फार शेंगा लागल्या.

कोंबडी आणि बदक यांचं एका आंगणात जमवणं हे वरून दिसतं तितकं सोपं नाही. कोंबडीला कोरडं लागतं. ती राखेत, मातीत लोळून अंग साफ करते. बदक जिथे जाईल तिथे चिखल करतं. कोंबड्यांच्या पाण्याच्या मडक्यात बदकं चोच घालून पाणी घुसळायची आणि घटकाभरात त्याचा गाळ व्हायचा. मग आत्याबाईंनी मडकं चार विटांवर चढवलं. कोंबडा-कोंबड्या उडी मारून वर जायच्या, बदकं खाली उभी राहून वर बघायची. खुराड्याचंही तसंच. कोंबड्या अंधार पडायच्या आत आपल्या आपण खुराड्यात जाऊन आडव्या काठीवर बसतात. बदकांना घराची ओढ अशी नसतेच. त्यांना काठी घेऊन हाकावं लागायचं, ती रांगेनं उलट दिशेला जायची, आणि शेजारच्या बोक्याला ही वेळ पाठ होती. हाकायचं काम माझं. ऑफिसातून आले की पर्स ठेवायची आणि काठी घ्यायची.

वाटणी कुणी केली नव्हती, पण ती झाली. आत्याबाई म्हणायच्या, “तुझ्या बदकांनी पुदिना उपटला.” मी म्हणायचे, तुमच्या कोंबड्यांनी माझ्या बदकांचा भरडा संपवला. त्या आधी कोंबड्यांना टाकायच्या आणि उरलेलं बदकांना. सुट्टीच्या दिवशी मी आधी बदकांना टाकायचे. याखेरीज आमच्यात बोलणं फारसं नव्हतं. पुण्याचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा वासाची तक्रार केली. भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, इथं माणसं टँकर मागवून राह्यली आणि तुमच्याकडं बदकं डुंबतात. मग बदकं अंड्यावर आली आणि काकूंना कुणीतरी सांगितलं की बदकाचं अंडं दम्याला चांगलं. त्यांच्या मिस्टरांना दमा होता. तेव्हापासून तक्रार थांबली आणि रोज सकाळी भिंतीवर एक वाटी यायला लागली. बदक अंडं घालायला जागा शोधत नाही. चिखलात, दगडाआड, चालता चालता, कुठेही घालतं, आणि तेही भल्या पहाटे. मी उठून शोधायचे, आत्याबाई धुवायच्या, त्यातलं एक वाटीत जायचं.

एकदा वाटी घेता घेता काकूंनी विचारलं, “साहेब दिसत न्हाईत हल्ली?”

“पुण्यालाच हाय तो,” आत्याबाई म्हणाल्या. “तिकडंच राह्यलाय.”

शब्दाला शब्द खरा होता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होते. मला हसू आलं, आणि कित्येक दिवसांत हसू आलं नव्हतं हेही तेव्हाच लक्षात आलं.

पाचातले दोन नर निघाले. नराचा आवाज बसलेला असतो, घसा धरल्यासारखा, आणि शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली असतात. मादी मात्र आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडते. तीन माद्यांना दोन नर म्हणजे एक जास्तच. त्यातला मोठा, हिरव्या डोक्याचा, कोंबड्यांच्या मागे लागायला लागला. बदकांचं जुगणं पाण्यात होतं, अंगाचा भार पाणी घेतं. कोंबडी जमिनीवर दबते. एका रविवारी दुपारी मागून कालवा ऐकू आला म्हणून मी धावले, तर त्यानं ठिपक्यांच्या कवडी कोंबडीला घमेल्याजवळच्या चिखलात दाबून धरलं होतं आणि तिच्या मानेची पिसं चोचीत घट्ट धरली होती. आत्याबाई केरसुणी घेऊन आल्या आणि त्याला झोडपायला लागल्या.

“तीन-तीन घरी असून दुसरीकडं तोंड घालतो मेल्या,” त्या म्हणाल्या, आणि केरसुणी तशीच वर राहिली.

मी खाली बसून कोंबडीच्या मानेला हळद लावत होते. मान सोलवटली होती. मी वर पाहिलं नाही. त्या धुण्याच्या दगडावर बसल्या.

“मला आधीच म्हाईत व्हतं,” त्या म्हणाल्या.

मी विचारलं, काय?

“त्याचं. माझ्या डोळ्याच्या आपरेशनला आल्ता ना, तवाच सांगितलं त्यानं मला. दवाखान्यात. म्हणला, आई, तूच सांग तिला. म्या म्हणलं, म्या न्हाई सांगणार. तुझ्या तोंडानं सांग.”

कोंबडी हातात थरथरत होती. मी तिला मांडीवर घट्ट धरलं. मग विचारलं, की त्या म्हणून इथं राहिल्या का.

 “गावाकडं जाऊन काय सांगितलं असतं? लोक इचारतेत,” म्हणाल्या. आणि मग, “हळद कमी लाव. डोळ्यात जाईल तिच्या.”

मला राग आला तो त्याचा नाही, त्यांचा. त्याचा राग कुठे ठेवायचा ते मला तोवर समजलं नव्हतं. यांचा समोरच होता. ऑपरेशन हिवाळ्यात झालं आणि फोन उन्हाळ्याच्या तोंडाशी आला. मधले सगळे महिने त्या माझ्यासमोर बसून जेवत होत्या. तो शनिवारी यायचा तेव्हा त्या त्याच्यासाठी शेंगदाण्याचं कालवण करायच्या. मी त्याचे शर्ट इस्त्री करून बॅगेत भरून द्यायचे. तिघं जेवायला बसायचो आणि त्यातल्या दोघांना माहीत होतं. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. फक्त त्यांच्याशी बोलणं बंद केलं. पक्ष्यांपुरतं बोलायचो. मडकं रिकामं आहे. अंडी तीन. बोका आल्ता. असं आठवडाभर चाललं असेल.

पुढच्या रविवारी सकाळी आत्याबाईंनी त्या हिरव्या डोक्याच्या नराला धरून पिशवीत घातलं. डोकं तेवढं बाहेर. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानात घेऊन गेल्या आणि स्टीलच्या डब्यातून परत घेऊन आल्या. मला विचारलं नाही. बदकं माझी होती. काळा मसाला घालून त्यांनी ते शिजत ठेवलं. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी शिजेना. दुपार कलली तेव्हा आम्ही जेवायला बसलो.

“जून निघालं,” त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, रस्सा चांगला झालाय. आणखी एक भाकरी घेतली. त्यांनी मला विचारलं, ऑफिसात काय असतं तुझं दिवसभर? इतक्या वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. मी त्यांना ओले कागद, बिया, उगवण, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हणजे पेरून बघायचं, पण शेताबिगर. मी म्हणाले, बराबर.

दुसरा नर गरीब होता. तो राहिला.

पुढचा हिवाळा सरता सरता कोंबड्यांना मानमोडी आली. सुरुवात कोंबड्यापासून झाली. तो सकाळी आरवला नाही. पंख पाडून भिंतीला टेकून उभा होता आणि चोच उघडून श्वास घेत होता. दुसऱ्या दिवशी दोन कोंबड्या तशाच. एकीची मान पाठीवर वळली, ती चालायला गेली की गोल फिरायची. मी रजा टाकून जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, आल्यावर यावर औषध नाही, लस आधी द्यायची असते. आता मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका. मी बदकांचं विचारलं. ते म्हणाले, बदकांना सहसा काही होत नाही, मात्र रोग त्यांच्यामार्फत येऊ शकतो. तसा तो चपलेला लागूनही येतो, बाजारातल्या कोंबडीबरोबरही येतो, कुठून आला हे कुणीच सांगू शकत नाही.

हे मी आत्याबाईंना जसंच्या तसं सांगितलं, बदकांचा भाग न वगळता. त्यांनी ऐकून घेतलं. आम्ही दोघींनी मिळून शेवग्याच्या पलीकडे खड्डा केला. जमीन कडक होती, मी टिकाव मारायचे आणि त्या माती ओढायच्या. आठवड्याच्या आत खुराडं रिकामं झालं. शेवटची कवडी कोंबडी होती, तिच्या मानेची जखम केव्हाच बरी झाली होती. तिच्यावर चुना टाकून झाल्यावर आत्याबाई हात झटकत उभ्या राहिल्या. बदकं नेहमीसारखी घमेल्याभोवती होती.

“आता तुझीच राह्यली,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात आरोप होता की नाही, हे मी तेव्हाही ठरवू शकले नाही आणि आजही सांगता येणार नाही.

अगदी सगळ्या गेल्या नव्हत्या. एक काळी कोंबडी खुडूक होऊन जिन्याखालच्या खोलीत अंड्यांवर बसली होती. ती बाहेर आलीच नाही म्हणून वाचली. तिच्याखालची अंडी मात्र आत्याबाईंनी भीतीनं काढून पुरली. कोंबडी रिकाम्या टोपलीत पेंढ्यावर बसून राहिली.

त्याच दिवसांत तो पुण्याहून आला. आधी फोन करून आला. दुपारची वेळ होती. मी चहा केला, कारण घरी आलेल्याला चहा करतात. त्यानं माझी चौकशी केली, मी बरी आहे म्हणाले. त्याचे केस पांढरे झाले होते, रंगवायचा बंद झाला होता. मग तो मागे आईकडे गेला आणि बराच वेळ बोलत उभा राहिला. खिडकीतून ऐकू येत होतं आणि मी तिथून हलले नाही. त्या बाईला दिवस गेले होते. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. तिची आई नव्हती, घरात दुसरं कुणी बाईमाणूस नव्हतं. तो म्हणत होता, आई, तू चल थोडे दिवस. आत्याबाईंनी कितवा महिना, जेवण जातं का, एवढंच विचारलं. कळवते म्हणाल्या.

तो गेल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “जाऊ का?” म्हणाल्या.

मी म्हणाले, तुमचं नातवंड आहे.

“तसं न्हाई इचारून राह्यले. तू सांग. जाऊ का?”

मी कपबशा धुवत होते. त्यानं चहा अर्धाच प्यायला होता. मला नको म्हणता आलं असतं, आणि मी नको म्हणाले असते तर त्या गेल्या नसत्या, याची मला खात्री होती. ती खात्री मिळाल्यावर नको म्हणायची गरज राहिली नाही, असं काहीसं झालं. “जाऊन या,” मी म्हणाले. कुणीही घराबाहेर पडताना आपण हेच म्हणतो. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, “येते.”

जाण्याआधी त्यांनी बदकाची अंडी गोळा करून त्या काळ्या कोंबडीखाली ठेवली. मोठी अंडी, तिच्या पोटाखाली जेमतेम मावली. मला सांगितलं, बदकाच्या पिलांना कोंबडीपेक्षा आठवडाभर जास्त लागतो. कोंबडीला आपला हिशेब ठाऊक असतो, पिलं निघाली न्हाईत की ती कंटाळून उठते. तिला उठू देऊ नको. शेवटच्या दिवसांत हात ओला करून अंड्यांवर फिरवत जा, कवच सुकलं तर पिलू आतच मरतं.

पुण्याहून फोन यायला लागले. त्यांना स्वतःचा मोबाइल जमत नव्हता, त्यामुळे स्क्रीनवर त्याचं नाव यायचं आणि आवाज आत्याबाईंचा. पहिला प्रश्न नेहमी कोंबडीचा. बसली का? खाते का? मीही कोंबडीचंच सांगायचे. तिकडचं त्या आपण होऊन बोलायच्या नाहीत आणि मी विचारायचे नाही, पण मागे कुकरची शिट्टी, टीव्ही, कुणाचं तरी खोकणं ऐकू यायचं. तिसऱ्या मजल्यावर घर होतं आणि खाली उतरायला त्यांना लिफ्टची भीती वाटायची, एवढं त्यांनी सांगितलं.

कोंबडी खरंच उठायला लागली. दाणा खायला बाहेर यायची ती परत जायचं नाव घ्यायची नाही, जिन्याजवळ उभी राहून टोपलीकडे बघायची. मी तिला उचलून ठेवायचे आणि वरून डालगं झाकायचे. ऑफिसला जाताना डालग्यावर वीट. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ऑटोनं घरी यायचे, हात ओला करून अंड्यांवर फिरवायचे आणि परत जायचे. प्रयोगशाळेतल्या मुली विचारायच्या, घरी कोण आजारी आहे का?

सहा पिलं निघाली. एक पहिल्याच आठवड्यात घमेल्यात भिजून गारठून मेलं. बदकाच्या पिलांची पिसं पाण्यात कोरडी राहतात ती आईच्या अंगाच्या तेलामुळे. कोंबडीखाली निघालेल्या पिलांना ते तेल मिळत नाही, हे मी नंतर वाचलं. बाकीची पाच धडधाकट. कोंबडी घमेल्याच्या काठावर येरझारा घालून ओरडायची. पण आमच्याकडे पाणी कधीच एवढं नसतं की कुणी बुडेल. दोन-तीन दिवसांनी ती सरळ आत उतरली आणि पायांच्या नळ्यांपर्यंतच्या पाण्यात पिलांमध्ये उभी राहिली.

आत्याबाईंचा फोन आला तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, “मुलगी झाली. परवा. दोघी बऱ्या हायेत.”

मी म्हणाले, बरं झालं. आणि ते मनापासून म्हटलं की नाही, हे तपासत बसले नाही.

त्या तिकडे राहिल्या तेवढ्या काळात आमचं कोर्टातलं कामही उरकलं. दोघांची संमती होती, भांडण नव्हतं. तो दोन वेळा जालन्याला आला, आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसलो. घर माझ्याकडे राहिलं. सह्या झाल्यावर त्यानं विचारलं, बदकं किती झाली? मी सांगितलं. त्याच्या गाडीची वेळ झाली होती.

मुलीचं उष्टावण झालं आणि आत्याबाई परत यायला निघाल्या. तो त्यांना गाडीनं सोडायला आला. ऑक्टोबर होता, ऊन मी म्हणत होतं. त्या एकट्याच आत आल्या, कडेवर मुलगी.  मग त्या हळूच म्हणाल्या, “ती गाडीत बसलीय. एवढं ल्हान लेकरू, त्याला सोडून कशी राहील?”

मी बाहेर बघितलं. गाडीच्या काचा वर होत्या. “आत बोलवा,” मी म्हणाले. “ऊन लागंल तिला.”

ती आली. माझ्याहून बरीच लहान, साधी सुती सलवार-कमीज, चेहरा प्रवासानं उतरलेला. मला काय म्हणावं हे तिला सुचत नव्हतं. ताई म्हणेल असं वाटलं, पण तिनं शेवटपर्यंत कुठलंच नाव न लावता वाक्यं पुरी केली. पाणी प्यायली. बाथरूम कुठे आहे विचारलं. मुलीला आतल्या खोलीत पाजलं, मी पंखा लावून दार लोटून घेतलं. तो बाहेरच्या खोलीत मोबाइल बघत बसला होता. त्या घरात तो अठरा-वीस वर्षं राहिलेला, पण पाणी हवं होतं तर त्यानं मागून घेतलं.

निघण्याआधी ती मागच्या दारात येऊन उभी राहिली. “आई रोज सांगायच्या, ती बदकं हीच का?” तिनं विचारलं. मी म्हणाले, हो, ती पाच कोंबडीखालची. मी त्यातलं एक पकडलं आणि पंख आवळून पुढे धरलं. मुलीनं आईच्या खांद्यावरून हात पुढे केला, पाठीवरच्या पिसांना बोट लावलं आणि लगेच हात मागे घेऊन रडायला लागली. तिची आई ओशाळली. मी म्हणाले, असू दे, सुरुवातीला आत्याबाईही यांना फार बोलायच्या.

ऊन उतरायच्या आत ते गेले. लांबचा पल्ला होता.

आत्याबाईंनी लुगडं बदललं आणि खुराडं बघायला गेल्या. आता त्या वर्षातून एकदा-दोनदा पुण्याला जाऊन येतात, बहुतेक दिवाळीत आणि मुलीच्या वाढदिवसाला. मी स्टँडवर सोडायला जाते. मुलगी फोनवर माझ्याशीही बोलते, म्हणजे बदकांचे आवाज काढते.

त्या वेळी पुण्याहून परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या बटईचं बघायला गावी गेल्या होत्या. येताना तीर्थपुरीच्या बाजारातून चार तलंगा घेऊन आल्या, अजून अंड्यावर न आलेल्या. या वेळी मी तलंगांना आधी दवाखान्यात नेऊन लसीचे थेंब घालून आणलं आणि काही दिवस जिन्याखाली वेगळं ठेवलं. आता त्या कोंबड्या बाहेर असतात. त्यांना बदकांबरोबर एकाच खुराड्यात कोंडायचं की मध्ये जाळी घालायची, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.